निळ्या आकाशातले धावते ठिपके, डोळ्यांपुढची अंधारी आणि न उतरणारा शीण : यांचा परस्परांशी काही संबंध असतो का?

शेवंती :

नमस्कार. माझे वय 43 असून गेली सोळा वर्षे मी नाशिकमध्ये मुद्रितशोधनाचे काम करते. दिवसाचे सहा-सात तास पांढऱ्या कागदावरील काळ्या अक्षरांकडे पाहण्यात जातात आणि अलीकडे त्यातले निम्मे काम पडद्यावर आले आहे. गेल्या चार महिन्यांपासून मला विलक्षण थकवा जाणवतो आहे. ताप नाही, खोकला नाही, वजन उतरलेले नाही; पण सकाळी उठल्या उठल्याच अंग जड असते, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर थांबून दम घ्यावा लागतो आणि दुपारच्या जेवणानंतर हातातले पान पुरे करण्याइतकेही त्राण उरत नाही. घरातली माणसे झोप घे म्हणून सांगतात. झोप मी घेते, पण ती पुरी होऊनही शीण उतरत नाही.

याच काळात डोळ्यांना काही चमत्कारिक गोष्टी दिसू लागल्या आहेत. पंधरा दिवसांपूर्वी गच्चीवर कुरडया घालत होते. खाली बसून बराच वेळ सोऱ्या फिरवल्यावर उठले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि काजवे चमकले. कठड्याला धरून उभी राहिले, सावरले, मान वर केली, तेव्हा निळ्या आकाशात असंख्य बारीक, चकाकणारे ठिपके डबक्यातल्या अळ्या वळवळतात तसे वळसे घेत धावताना दिसले. तेव्हापासून आकाश निरभ्र असले की ते हटकून दिसतात. त्याखेरीज पांढऱ्या कागदावर एक करडा, गुंतलेला धागा आणि त्याच्या टोकाशी एक ठिपका तरंगत असतो. केस पडला आहे असे समजून मी तो कितीदा तरी बोटाने झटकला आहे, आणि एकदा तर तो ठिपका अनुस्वार समजून मी समासात खूण करायला लाल पेन टेकवले होते. डाव्या डोळ्याची खालची पापणी दोन आठवडे अधूनमधून फडफडते आहे. सासूबाई म्हणतात, बाईचा डावा डोळा लवणे शुभ असते. त्यांच्या मायेपोटी मी काही बोलत नाही, पण मनात धास्ती असते. गेल्या महिन्यात मुंबईहून येताना गाडी इगतपुरीला थांबली, तर समोरचा फलाट पुढे सरकतो आहे आणि आमचा डबा मागे चालला आहे असे मला काही क्षण स्पष्ट दिसत राहिले.

या सर्वांहून अधिक मला लागून राहिलेली गोष्ट म्हणजे माझ्या कामात चुका राहू लागल्या आहेत. गाळलेले अनुस्वार, दुबार पडलेले ‘आणि’, वेलांटीच्या चुका माझ्या नजरेतून सुटत आहेत, आणि ज्या कामावर मी इतकी वर्षे जीव लावला ते हातून निसटते आहे की काय, या विचाराने रात्री जाग येते.

एका डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी दोन वाक्ये ऐकून घेतली आणि ताण आहे असे सांगून बोळवण केली. माझा प्रश्न असा की हे सगळे एकाच आजाराचे धागे आहेत का? दोष डोळ्यांत आहे, डोक्यात आहे, की खरोखरच मनात आहे? कोणी अनुभवी असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

भिंग :

शेवंतीताई, मी एका सरकारी रुग्णालयात 31 वर्षे नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून काम करून निवृत्त झालो. येथे लिहून कोणाचे निदान करता येत नाही आणि करूही नये. परंतु तुम्ही जे इतके नेमके टिपले आहे त्याची उकल मात्र मी करू शकतो. माझे म्हणणे आधी सांगतो. तुम्ही एका दोरीत ओवलेल्या या गोष्टी दोन वेगळ्या दोऱ्यांतल्या आहेत. ठिपके, धागा आणि फलाटाचे सरकणे हे निरोगी डोळ्यांचे आणि मेंदूचे नित्याचे व्यवहार असून ते तुमच्या लहानपणापासून चालू असण्याचा पुष्कळच संभव आहे. थकवा, धाप आणि उभे राहताना येणारी अंधारी ही दुसरी दोरी. तिचे मूळ बहुधा डोळ्यांच्या बाहेर आहे आणि ते शोधलेच पाहिजे. शरीर गळलेले असले की माणसाचे लक्ष स्वतःच्या शरीराकडे वळते आणि एरवी मेंदू ज्याची दखल घेत नाही ते सारे दिसू लागते. म्हणून दोन्ही एकदमच सुरू झाल्यासारखे वाटते.

आकाशातल्या ठिपक्यांपासून सुरुवात करतो. आपल्या डोळ्याच्या पडद्याची, म्हणजे दृष्टिपटलाची रचना अशी आहे की प्रकाश ओळखणाऱ्या पेशी मागे आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या केसाहून बारीक वाहिन्या पुढे. प्रकाशाला या वाहिन्यांमधून वाट काढतच मागे पोहोचावे लागते. तांबड्या पेशी निळा प्रकाश शोषून घेतात. त्यामुळे निळ्या आकाशाकडे पाहताना वाहिन्यांची बारीक सावली सतत पडलेली असते, पण ती जागची हलत नसल्याने मेंदू ती पुसून टाकतो. शेकडो तांबड्या पेशींमागून एखादी मोठी पांढरी पेशी येते. ती निळा प्रकाश अडवत नाही. त्यामुळे तिच्याबरोबर प्रकाशाची एक खिडकीच त्या वाहिनीतून सरकत जाते, आणि तो तुम्हाला दिसणारा चकाकता ठिपका होय. रिचर्ड शेरर या जर्मन नेत्रवैद्याने 1924 मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्याला शेरर दृश्य असेही म्हणतात. हे पडताळून पाहण्याची एक सोपी रीत आहे. मनगटाची नाडी धरा आणि ठिपक्यांकडे लक्ष द्या. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला ते किंचित वेग घेतात. आणखी एक पाहा : नजर जिथे अगदी रोखलेली असते त्या मधल्या लहानशा जागेत ठिपके येत नाहीत, कारण दृष्टिपटलाच्या त्या बिंदूवर वाहिन्याच नसतात. आपल्याच रक्तातील पेशी उपकरणाविना अशा जाता-येता दिसाव्यात, याचे मला एकतीस वर्षांनंतरही अप्रूप वाटते.

कागदावरचा धागा वेगळा आहे. डोळ्याच्या आत सुमारे 4 मिलिलिटर पारदर्शक गर असतो. त्यात बहुतांश पाणी आणि त्याला धरून ठेवणारे अतिशय बारीक तंतू असतात. वय वाढते तसा हा गर जागोजागी पातळ होतो, तंतू एकमेकांना चिकटून त्यांचे गुंते बनतात आणि त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. तुम्ही त्याच्याकडे पाहायला गेलात की तो पळतो, कारण डोळा वळला की गरही ढवळला जातो; नजर स्थिर केली की तो संथपणे खाली उतरल्यासारखा दिसतो. जुन्या वैद्यकात लॅटिनमध्ये त्याला उडत्या माश्या असे नाव होते. ज्यांना लांबचे पाहण्यासाठी उणे क्रमांकाचा चष्मा असतो त्यांना हे गुंते लवकर दिसतात. पांढरा कागद, पांढरी भिंत, धुके आणि पडद्यावरचे कोरे पान या त्यांच्या दिसण्याच्या जागा. त्यामुळे मुद्रितशोधकाला ते इतरांहून अधिक दिसावेत हे ओघानेच आले.

येथे मात्र एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. एकाएकी अशा ठिपक्यांचा पाऊस पडल्यासारखे झाले, अंधारात डोळ्याच्या कडेला विजेसारखी चमक दिसू लागली, किंवा एका बाजूने काळा पडदा ओढला जात आहे असे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन बाहुली मोठी करून आतील पडदा तपासून घ्यावा. गर दृष्टिपटलापासून सुटताना कधी कधी पडदा फाटतो. फाटलेली जागा वेळीच लेसरने बंद करता येते. पण त्यातून पाणी शिरून पडदा सुटला तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि नजर पूर्ववत येईलच असे नसते. माझ्या नोकरीत दोन-चार दिवस वाट पाहू म्हणून घरी थांबलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचे चेहरे अजून विसरलेलो नाही. तुमचे वर्णन त्या प्रकारचे वाटत नाही, तरी बाहुली मोठी करून एकदा तपासणी झालेली नसल्यास ती करून घ्यावी.

इगतपुरीचा फलाट हा डोळ्यांपेक्षा मेंदूचा भाग आहे. खिडकीतून बराच वेळ झाडे, खांब मागे पळताना पाहिले की मागे जाणारी हालचाल टिपणाऱ्या चेतापेशी थकतात आणि गाडी थांबल्यावर विरुद्ध दिशा टिपणाऱ्या पेशींचे पारडे काही क्षण जड होते. त्यामुळे स्थिर फलाट पुढे सरकतो आणि आपण मागे चाललो असे वाटते. स्कॉटलंडमध्ये फॉयर्सच्या धबधब्यासमोर उभ्या असलेल्या रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1834 मध्ये असेच टिपून ठेवले आहे : पडत्या पाण्याकडे टक लावून पाहिल्यावर नजर शेजारच्या खडकाकडे वळवली, तर खडक वर चढताना दिसला. पावसाळ्यात आपल्याकडच्या कोणत्याही धबधब्यासमोर मिनिटभर उभे राहून हे करून पाहता येते. रंगांचेही असेच असते. पूर्वी काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे दाखवणारे संगणक होते. त्यांवर दिवसभर काम करणारे कारकून आमच्याकडे येऊन सांगत, की पांढऱ्या कागदावरच्या ओळी गुलाबी दिसतात. त्यांच्या डोळ्यांत काही बिघडलेले नसे.

पापणीच्या फडफडण्याचे कारण अपुरी झोप, चहा-कॉफीचे वाढलेले प्रमाण आणि ताण यांत बहुधा सापडते. काही आठवड्यांत ते आपोआप थांबते. डोळा पूर्ण मिटू लागला, गालही ओढला जाऊ लागला किंवा ते महिनोन्महिने टिकले, तरच मज्जातंतूंच्या तज्ज्ञांना दाखवावे.

आता तुमच्या कामातील चुकांविषयी, कारण त्याचेच दुःख तुम्हाला अधिक आहे असे दिसते. तुम्ही वय 43 लिहिले आहे आणि जवळच्या चष्म्याचा उल्लेख कोठेही केलेला नाही. आपल्या भाषेत त्या चष्म्याला चाळिशी म्हणतात ते उगाच नव्हे. या वयात डोळ्यातील भिंगाची लवचीकता कमी होते आणि हातभर अंतरावरचे अक्षर स्पष्ट ठेवण्यासाठी आतील स्नायूला सतत जोर लावावा लागतो. सकाळी ते निभते, दुपारनंतर अक्षरे फिकट होतात, कपाळ दुखते आणि अनुस्वारासारखी बारीक खूण सर्वांत आधी हरवते. शिवाय जे दिसत नाही ते मेंदू आपल्या अंदाजाने भरून काढतो. हे भरणे किती सहज असते ते पाहायचे असेल, तर कागदावर डावीकडे फुली आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर एक ठिपका काढा, डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडे पाहत कागद हळूहळू जवळ आणा. सुमारे 30 सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होतो आणि त्या जागी भोक न दिसता कोरा कागद दिसतो. डोळ्यातील मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाश ओळखणाऱ्या पेशी नाहीत. एदम मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1660 च्या दशकात हा आंधळा बिंदू शोधला. ओळखीचा शब्द वाचताना मेंदू असाच जो अनुस्वार तिथे असायला हवा तो बसवून देतो, आणि माणूस जितका दमलेला, तितके हे बसवणे अधिक. तेव्हा तुमचे कसब निसटलेले नाही. जवळच्या नजरेची तपासणी करून घ्या.

शेवटी अंधारी. बसलेले माणूस उभे राहिले की अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते, आणि शरीर लगेच वाहिन्या आवळून ते सावरते. ते सावरेपर्यंत डोके हलके होते, आणि सर्वांत आधी दिसेनासे होते, कारण डोळ्याच्या आत स्वतःचा दाब असतो आणि तो ओलांडूनच रक्ताला आत शिरावे लागते. उन्हात बराच वेळ बसून एकदा असे झाले तर त्याची काळजी नसते. पण चार महिन्यांचा थकवा, जिन्यावरची धाप आणि ही अंधारी एकत्र आली असता मी एक साधी गोष्ट करायला सांगेन. आरशासमोर दिवसाच्या उजेडात खालची पापणी बोटाने ओढून आतील रंग पाहा. तो तांबूस असायला हवा. फिकट किंवा पांढुरका असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाण्याआधी रक्त तपासून घ्या.

सोनचाफा :

भिंगकाकांनी पापणीचा रंग पाहायला सांगितला ते योग्यच आहे, पण ती केवळ चाहूल असते. मी रत्नागिरीत रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला पहिल्याने विचारावेसे वाटले ते हे : ताई, तांदूळ निवडताना तुम्ही चार दाणे तोंडात टाकता का? बर्फ, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती किंवा पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास यांची अनिवार ओढ वाटते का? नमुना द्यायला आलेल्या कितीतरी बायका हे खालच्या मानेने सांगतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. लोह कमी झालेल्या शरीरात अशी ओढ निर्माण होते आणि लोह भरून आले की ती आपोआप जाते.

दुसरा प्रश्न मासिक पाळीचा. चाळिशीनंतर पुष्कळ जणींना पाळीत जास्त रक्त जाते, आणि ‘या वयात असे व्हायचेच’ म्हणून त्या ते कोणाला सांगत नाहीत. दर महिन्याला जेवढे लोह जाते तेवढे आहारातून येत नाही, मग शरीर साठ्यातून काढत राहते. साठा संपला तरी हिमोग्लोबिन काही काळ टिकून असते, म्हणून नुसते हिमोग्लोबिन पाहून थांबू नये. साठा दाखवणारी फेरिटिन नावाची वेगळी तपासणी आहे. प्रौढ बाईचे फेरिटिन 15 च्या खाली असेल तर साठा संपला असे धरतात. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 च्या फेरीत भारतातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक बायका अशा स्थितीत घर आणि नोकरी ओढत आहेत, आणि त्यांना कोणी ताण आहे म्हणून परत पाठवले की मला फार वाईट वाटते.

डॉक्टरांशी बोलून संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, जीवनसत्त्व बी 12 आणि रक्तातील साखर एवढ्या तपासण्या एकाच वेळी करता येतात. तुम्ही शाकाहारी असाल तर बी 12 वगळू नका. ते वनस्पतिजन्य अन्नात नसते, दूध-दह्यातून थोडे मिळते, आणि ते फार कमी झाले तर थकव्याबरोबर तळपायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्याच तर त्या चहाबरोबर घेऊ नका आणि आधी-नंतर तासभर चहा टाळा. चहातील तुरट द्रव्य लोहाला बांधून ठेवते, तर लिंबू किंवा आवळा ते शोषून घ्यायला मदत करतो. गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याने घाबरून जाऊ नका. हिमोग्लोबिन वर आले म्हणून गोळ्या थांबवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. साठा भरेपर्यंत, म्हणजे पुढचे साधारण तीन महिने तरी त्या चालू ठेवाव्या लागतात. आणि गोळ्या घेण्याबरोबरच रक्त कोठून जाते आहे हे शोधणेही तितकेच आवश्यक आहे. पाळी थांबलेल्या बाईला किंवा पुरुषाला रक्तक्षय झाला, तर पोट आणि आतड्यांची तपासणी टाळू नये.

रेवाकाठ :

मी जबलपूरला असतो. भिंगकाकांनी दोन दोऱ्या वेगळ्या केल्या, ते शेवंतीताईंच्या बाबतीत पटण्यासारखे आहे. परंतु थकवा आणि डोळ्यांपुढचे दृश्य खरोखरच एकाच मुळातून येते असाही एक प्रकार आहे आणि तो मी बावीस वर्षे अनुभवतो आहे, म्हणून लिहितो.

अर्धशिशीच्या आधी मला आभा दिसते. सुरुवात अगदी क्षुल्लक असते : वाचताना शब्दाच्या मधले एखादे अक्षर सापडत नाही. चष्मा पुसतो, डोळे चोळतो, तरी ते अक्षर गायबच. पाच मिनिटांत त्या जागी झगमगणारा लहानसा कोंब फुटतो आणि तो वाढत वाढत चंद्रकोरीसारखा बाकदार होतो. त्याची कड सरळ नसते. किल्ल्याचा तट आकाशातून पाहिला तर बुरुज आणि कोने जसे दिसतील तशी ती नागमोडी, कंगोरेदार, लखलखणारी असते. कोरीच्या आतल्या बाजूला काहीच दिसत नाही. ती हळूहळू कडेला सरकते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी नजरेबाहेर जाते. डोळे मिटले तरी ती दिसते, एकेक डोळा झाकला तरी दोन्हींत दिसते; कारण तिचा उगम मेंदूच्या मागच्या भागात आहे. ह्यूबर्ट एअरी या इंग्रज वैद्याने 1870 मध्ये स्वतःच्या आभेची चित्रे काढून प्रसिद्ध केली. ती प्रथम पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. मला जे दिसते ते दुसऱ्या कोणाला तंतोतंत दिसले होते, हा मोठा दिलासा होता. पुढे कार्ल लॅशले यांनी 1941 मध्ये आपल्या आभेच्या सरकण्याची मोजदाद करून मेंदूच्या पृष्ठभागावर ही लाट मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर पुढे जात असावी असे मांडले, आणि आरिस्तिदेस लेआँव या ब्राझिलियन संशोधकाला 1944 मध्ये सशांच्या मेंदूत तशीच मंद लाट प्रत्यक्ष आढळली.

थकव्याशी तिचा संबंध असा की आभेच्या आदल्या दिवशीच मला जांभया सुरू होतात, अंगात मरगळ येते, नेमके शब्द सुचत नाहीत. डोकेदुखी ओसरल्यावरही एक दिवस अंग पिळून काढल्यासारखे असते. जागरण, उपास आणि चुकलेले जेवण यांनी झटका लवकर येतो. पत्नी आता माझ्या जांभयांवरूनच ओळखते आणि पडदे ओढून घेते.

शेवंतीताईंच्या वर्णनात हे नाही, पण हा धागा आणखी कोणी वाचेल म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. आभा हळूहळू वाढते आणि तासाभराच्या आत जाते. याउलट एका डोळ्याची नजर क्षणात गेली, बोलणे अडखळले, हात किंवा चेहरा लुळा पडला, तर अर्धशिशी असेल असे म्हणून घरी न थांबता तातडीने रुग्णालयात जावे. आणि ज्या स्त्रियांना आभेसह अर्धशिशी आहे त्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत. पक्षाघाताचा धोका त्याने वाढतो. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आभेविषयी आपण होऊन सांगावे.

शेवंती :

तुम्हा तिघांचे आभार कसे मानावे ते कळत नाही. दहा आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही ठोस सांगण्यासारखे झाल्यावरच लिहायचे ठरवले होते.

सोनचाफाताई, तुमचा तांदळाचा प्रश्न वाचला तेव्हा मी स्वयंपाकघरात ताट घेऊन तांदूळच निवडत होते आणि माझ्या तोंडात दाणे होते. वर्षभर मी मूठ-मूठ कच्चे तांदूळ खात होते आणि ते कोणालाही सांगितलेले नव्हते. मुलीला आरशापाशी बोलावून तिची आणि माझी पापणी शेजारी शेजारी ओढून पाहिली. तिची आतून जांभळाच्या गराच्या रंगाची होती आणि माझी जुन्या कागदासारखी. दुसऱ्याच दिवशी तपासणी केली. हिमोग्लोबिन 8.4 आणि फेरिटिन 6 निघाले; थायरॉइड आणि साखर ठीक होती. या वेळी दुसऱ्या डॉक्टर भेटल्या, त्यांनी पाळीविषयी नीट विचारले आणि सोनोग्राफीत गर्भाशयात एक गाठ दिसली. ती साधी आहे, त्यावर उपचार सुरू आहेत. लोहाच्या गोळ्या लिंबू-पाण्याबरोबर घेते, सकाळचा चहा दहा वाजता नेला आहे. परवा हिमोग्लोबिन 11.2 आले. जिना एका दमात चढते, अंधारी महिनाभरात आलेली नाही, आणि तांदळाची ओढ तर पाचव्या आठवड्यातच गेली. ताट समोर असते आणि हात तोंडाकडे जात नाही. पापणीचे फडफडणे केव्हा थांबले ते कळलेही नाही. सासूबाई म्हणतात, चांगली बातमी हीच होती.

भिंगकाका, चाळिशी लागली आहे, अधिक 1.25 चा चष्मा आला. पहिल्या दिवशी तो घालून मागच्या महिन्यातले एक मुद्रित सहज पाहिले, तर एका पानावर सुटलेले चार अनुस्वार सापडले. मी त्या प्रकाशकांना फोन करून कळवले. पुस्तक अजून यंत्रावर चढले नव्हते.

आकाशातले ठिपके मात्र अजून आहेत. आषाढात परवा दोन तास उघडीप मिळाली तेव्हा मुलीला गच्चीवर नेले. तिला प्रथम काहीच दिसेना, मग एकदम ओरडली की दिसले, आई, किती आहेत! तिने एका हाताने माझी नाडी धरली, दुसऱ्या हाताची तिची मी धरली. तिचे ठोके जलद होते, माझे संथ, आणि आम्ही दोघी आपापल्या ठिपक्यांची लय एकमेकींना बोटांनी दाखवत होतो.

एक विचारायचे राहिले. कागदावरचा धागा तसाच आहे, वाढलेला नाही. बाहुली मोठी करून तपासणी अजून झालेली नाही, पुढच्या मंगळवारी वेळ घेतली आहे. त्या दिवशी दुपारी काम करता येईल का?

भिंग :

ताई, फार आनंद झाला. मंगळवारी दुपारचे काम घेऊ नका. औषध घातल्यावर चार-सहा तास जवळचे अक्षर चष्म्यानेही नीट दिसणार नाही आणि उजेड डोळ्यांत घुसेल. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, मुलीला सोबत न्या, येताना उन्हासाठी गडद चष्मा असू द्या. कागदावरचा धागा कोणत्या डोळ्याचा आहे ते एकेक डोळा झाकून आधी पाहून ठेवा आणि तपासणाऱ्यांना ते सांगा. त्यांनी दिव्याचा झोत डोळ्यात टाकला की तुम्हाला सुकलेल्या तळ्याला पडलेल्या भेगांसारखी, फांद्या-फांद्यांची एक काळी जाळी क्षणभर दिसेल. घाबरू नका आणि डोके मागे घेऊ नका. त्या तुमच्या दृष्टिपटलावरच्या रक्तवाहिन्याच आहेत. दिव्याचा कोन हलल्याने त्यांची सावली हलते आणि मेंदूला ती पुसायला वेळ मिळत नाही. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मेणबत्ती डोळ्यासमोर हलवून तीच जाळी पाहिली होती.